हवेतला हार

सगुणाची अकरावी फेरी चालू होती. गच्चीच्या दारात बसून आवडाबाई मोजत होती. तीन जिने चढल्यावर दम आवरायला तिला तेवढा वेळ लागायचाच.

पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत आणि परत. जाळ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा सगुणाच्या बोटांत गरगर फिरत होता. ओठ हलत होते. टाकीपाशी ती हात उंच करून खाली ओढायची. कुणाला तरी एक बोट दाखवायची. मग मनगट वळवायची, थांबून तीनदा ‘शू’ म्हणायची, मनगट उलटं वळवायची. शेवटी कठड्यापाशी टाचा उंचावून दोन्ही हातांनी समोर कुणाला तरी हार घालायची. एक पाऊल मागे यायची आणि हसायची.

“घातला का गो हार नवरीनं?” शेजारच्या गच्चीवर सुकट वाळत घालणारी सखुबाई ओरडली. “नवरदेव जाम उंच दिसतो!”

“तुझ्या सुकटीकडे बघ, मांजर बसलंय,” आवडाबाई म्हणाली.

सगुणा चोवीस वर्षांची होती. लहानपणापासून ती अशी चालायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, पोर वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. दहीहंडीचे ढोल वाजले, घरात नवा माणूस आला, की ती गच्चीवर जायची आणि शांत होऊन खाली यायची.

“कुठे गेलेलीस?” आवडाबाई विचारायची.

“तिकडे.”

“तिकडे काय असतं?”

“रोजचंच.”

एकदा आवडाबाईनं दोरी लपवून ठेवली. सगुणा दोन दिवस कान दाबून पलंगाखाली बसली, घासभरही जेवली नाही. त्यानंतर दोरीला कुणी हात लावला नाही.

हार मात्र नवा होता. गेल्या दिवाळीपासूनचा. आवडाबाईनं पुष्कळ विचार केला. पोरीला लग्न हवंय, तोंडानं सांगता येत नाही, एवढाच अर्थ तिला लागला.

त्याच दिवाळीत नौपाड्यातल्या डॉक्टरांनी आवडाबाईला सांगितलं होतं, तुमच्या हृदयाची झडप गेली आहे. वर्ष, फार तर दोन. आवडाबाईनं ही गोष्ट फक्त भावाला, चंदूला सांगितली. सगुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टर सांगत होते तेव्हा ती शेजारच्याच स्टुलावर दोरी फिरवत पंख्याकडे बघत होती.

चंदूनं स्थळ आणलं. डोंबिवलीचा नाथा. बायको वारलेली, दोन मुलं.

“जरा पितो,” चंदू म्हणाला. “पण घर आहे, ताई. तुझ्यामागे हिला कोण बघणार?”

आवडाबाईनं गच्चीच्या जिन्याकडे बघितलं. “तिला पण हवंय रे,” ती म्हणाली. “रोज हार घालते.”

मुलीचा फोटो हवा होता, म्हणून दोघी नौपाड्यातल्या स्टुडिओत गेल्या. दिव्यांचा झोत पडताच सगुणानं डोळे गच्च मिटले.

“आधी आये,” ती म्हणाली.

“मला कोण बघायला येणार गो?” आवडाबाई हसली. पण पोरीनं हट्ट सोडला नाही, म्हणून ती स्टुलावर बसली. सगुणानं तिचा पदर सारखा केला, हनुवटी जरा उचलली.

“दाराकडे बघ,” ती म्हणाली.

“मावशी, कॅमेऱ्यात बघा,” फोटोवाला म्हणाला.

“दाराकडे,” सगुणा म्हणाली. तसाच फोटो निघाला. मग सगुणानंही डोळे उघडून आपला काढू दिला.

रविवारी नाथाकडची माणसं यायची होती. सकाळी आवडाबाईनं दूधवाल्याकडून रोजच्या दोनऐवजी चार पिशव्या घेतल्या. सगुणानं त्या दोनदा मोजल्या आणि दोरी जोरजोरात फिरवू लागली.

“पाहुण्यांच्या चहाला, बाय,” आवडाबाई म्हणाली. तिनं पोरीला जवळ बसवलं, नाथाचा फोटो पुढे केला. “बघ. तू हार घालतेस ना, तो माणूस असाच दिसतो?”

सगुणानं फोटो जवळ धरून पाहिला.

“हा कोण?”

“तुझा नवरा होईल. आता हवेत नको घालू, खराखुरा हार घाल. तो बघेल तुला. मी नसले तरी.”

सगुणानं नाथाचा फोटो परत दिला. ती उठली. कपाटातून काहीतरी घेऊन भिंतीपाशी गेली. तिथे भिवाचा, तिच्या बापाचा, हार घातलेला फोटो होता आणि त्याच्या शेजारी एक नवा खिळा. तो कधी ठोकला, आवडाबाईला आठवेना.

सगुणानं टाचा उंचावल्या. दोन्ही हात वर नेले. एक पाऊल मागे आली.

भिंतीवरच्या फोटोतून, पदर सारखा केलेली आवडाबाई दाराकडे बघत होती.

“हार तू नसशील तेव्हा,” सगुणा म्हणाली. “कडी काढायची. कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. मला सगळं येतं, आये.” तिनं एक बोट वर केलं. “दूधवाल्याला फक्त एक पिशवी सांगायची.”