उत्तरेची सहल

“वाकायचं तर वाकेन,” ती म्हणाली. “त्यांच्या नेत्यांच्या पुतळ्यापुढे वाकल्याने माझी मान काही मोडत नाही.”

नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला. “मान नाही मोडत. पण तिथे एक शब्द वावगा गेला तर माणसं आत जातात, आणि बाहेर कधी येतात ते कुणालाच ठाऊक नसतं. असल्यांची आरास बघायला आपण आपल्या पैशाने जायचं?”

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तिला जास्तच राग आला. कोरियन शिकणाऱ्यांचा एक गट उत्तर कोरियाला चालला होता. पासपोर्ट आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. दक्षिण कोरिया तिने पडद्यावर डोळे भरून पाहिला होता. उत्तरेचं दार मात्र कायम बंद. त्या दाराआडही माणसंच असणार, ती आपसात काय बोलत असतील, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

कोरियनचं वेड लागलं ते सासूबाईंच्या आजारपणात. ती आणि धाकटी जाऊ दुपारी त्यांच्या उशाशी बसून, आवाज बारीक करून, खालच्या ओळी एकमेकींना वाचून दाखवत कोरियन मालिका बघायच्या. सासूबाई डोळे मिटून पडलेल्या असत. एक दिवस मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, “त्या पोराच्या आईला कळलं का गं अजून?” मग तिघी मिळून बघू लागल्या. मालिकेतल्या खाष्ट सासूला सासूबाई मनसोक्त शिव्या घालायच्या, तेव्हा दोघी सुना एकमेकींकडे बघणं कटाक्षाने टाळायच्या. पुढे सासूबाई गेल्या. जाऊ बदलीच्या गावी गेली. त्या खोलीत आता कपाटं आहेत. भाषा तेवढी तिच्यापाशी राहिली.

ती बोलायला शिकवली लाँड्रीवाल्या मावशीने. ती ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्याच्या शेजारीच मावशीची लाँड्री. एकदा हाताला चटका बसून मावशी कळवळून जे ओरडली ते कोरियन होतं, आणि तिला चक्क समजलं. तिने त्याच भाषेत, अडखळत विचारलं, “फार भाजलं का?” मावशी तिच्याकडे बघतच राहिली. इस्त्रीखालचा शर्ट जळाला तरी बघत राहिली.

तेव्हापासून जेवणाची सुट्टी मावशीकडे. बाही, कॉलर, काज, गुंडी इथून सुरुवात झाली. वर्षभरात दोघी त्या भाषेत भांडूही लागल्या. मावशी जहाजावरच्या नवऱ्यामागून इकडे आलेली. नवरा गेला, ती राहिली. गावाचं विचारलं की म्हणायची, “दक्षिणेकडचं एक खेडं. सांगण्यासारखं काही नाही.”

आज दुपारी ती पर्समध्ये पासपोर्ट घेऊनच मावशीकडे गेली. सहलीचं सगळं एका दमात सांगून टाकलं. “नवरा नको म्हणतोय. पण मावशी, मी तिथल्या माणसांशी बोलेन. नाहीतर भाषा शिकले कशाला?”

मावशीने इस्त्रीचं बटण बंद केलं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

“बोलशील, आणि तिथेच घात होईल.”

“का? चुकतं माझं?”

“चुकत नाही, हीच तर पंचाईत. तुला वाटतं, तू मालिकेतल्या पोरींसारखी बोलतेस. अगं, तू तोंड उघडलंस की तिथलं शेंबडं पोरही सांगेल, ही नदीकाठच्या खोऱ्यातली. मग विचारतील, ही परदेशी बाई आमच्या खोऱ्यातलं बोलायला शिकली कुणाकडून?”

क्षणभर तिला उमगेना. मग उमगलं. “तुम्ही दक्षिणेच्या नाही.”

“सीमेवरची नदी पोहून पळाले मी. मागे धाकटी बहीण राहिली. पळालेल्यांच्या घरच्यांना तिथे धड जगू देत नाहीत. मी बुडाले असं तिने सगळ्यांना सांगायचं, हे आमचं ठरलं होतं.” मावशीने टेबलावरच्या शर्टाची सुरकुती हाताने सारखी केली. “मी बुडालेलीच बरी.”

स्वतःच्या जिवावर उदार व्हायला ती तयार होती. दुसऱ्या कुणाच्या बहिणीच्या जिवावर उदार होणं हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने तिथूनच फोन लावला. “माझं नाव काढा. मी येत नाही.” पलीकडून कारण विचारलं. “घरचंच आहे काहीतरी,” ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी कपडे घ्यायला आलं, अर्धं शटर बघून परत गेलं.

“रागावलीस?” मावशीने विचारलं.

“नाही. पण मावशी, मला पुस्तकातलं का नाही शिकवलंत? मला सोपं गेलं असतं, आणि तुम्हाला धोकाही नव्हता.”

“पुस्तकातलं बोलणारे टीव्हीवर ढिगाने आहेत,” मावशी म्हणाली. “आमच्याकडचं बोलणारं मला कुणी नव्हतं.”

मावशीने मान फिरवली. मग तशीच, पाठ करून, हळूच म्हणाली, “आज मावशी नको म्हणूस. एकदा ताई म्हण. आमच्याकडच्या बोलीत, धाकटी बहीण म्हणते तसं.”

तिने हाक मारली.

आणि कुणीतरी अंगणातून बोलवावं तशी, सत्तरीची ती बाई खणखणीत आवाजात ओ देऊन मागे वळली.