हवी होती ती चूक

“आता मी विद्यार्थी, तुम्ही बाई. चला, शिकवा,” असं म्हणत कुवाबारा सर पाचवीच्या बुटक्या खुर्चीत कसेबसे मावले. निवृत्तीला टेकलेला माणूस, गुडघे बाकाला लागत होते.

परवा हिगाकी बाईंचा धडा पाहायला आसपासच्या शाळांमधले शिक्षक येणार होते. त्याची ही रंगीत तालीम. शाळेतले आणखी तीन शिक्षकही मुलं होऊन बसले होते.

बाईंनी फळ्यावर समांतरभुज चौकोन लावला. “याचं क्षेत्रफळ कसं काढाल?”

सरांनी पेन्सिलीने उजवा कान खाजवला. “एवढं काय त्यात, बाई! आयताला करतो तसंच. ही बाजू गुणिले ही तिरकी बाजू. झालं!”

सगळे हसले. व्हरांड्यातही कोणीतरी खुसखुसलं.

“वर्ग झाडून झाले असतील तर घरी पळा रे पोरांनो!” सर आतूनच ओरडले.

हिगाकी बाई हसल्या नाहीत. “सर, ही चूक कोणी केलीच नाही तर?”

शंका खरी होती. सगळा धडा त्या एका चुकीवर उभा होता. ती आली की बाई पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची चौकट हातात घेऊन दाबत नेणार. बाजू तेवढ्याच, पण आतली जागा आकसत जाणार. चूकच आली नाही तर चौकट टेबलावर पडून राहायची. आणि निम्म्या वर्गाला तर शिकवणीत सूत्र आधीच पाठ झालेलं.

“मग वाट पाहायची,” सर म्हणाले. “मुलांच्या तोंडात चूक कोंबायची नाही. तसं करणाऱ्याला मी शिक्षक म्हणत नाही.”

जूनमध्ये बाईंचा असाच धडा झाला, तेव्हा मुलं पाहुण्यांना बघून जी गोठली ती गोठलीच. एक हात वर गेला नव्हता. बाईंनी तेव्हाच सरांना सांगून टाकलं होतं, पुन्हा असं झालं तर मार्चमध्ये वर्ष संपताच नोकरी सोडते. ती काही धमकी नव्हती. म्हणून तर सगळ्यांनी मिळून हा धडा कितीदा तरी उसवून पुन्हा शिवला होता.

धड्याच्या दिवशी पाहुणे भिंतीला लागून उभे राहिले. अशा वेळी शिकवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, बघायचं ते मुलांकडे, एकेकाने एकेका मुलाकडे. कुवाबारा सरांच्या वाट्याला रित्सु आला. शिकवणीत वर्षभर पुढे असलेला, वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा.

“याचं क्षेत्रफळ कसं काढाल?” बाईंनी तोच प्रश्न टाकला.

शांतता. थेट जूनसारखी.

तेवढ्यात रित्सुचा हात वर गेला. उठून त्याने पेन्सिलीने डावा कान खाजवला. “एवढं काय त्यात, बाई! आयताला करतो तसंच. ही बाजू गुणिले ही तिरकी बाजू. झालं!”

सर गारच झाले.

बाईंनी चौकट उचलली. ती दबत दबत पार चपटी झाली.

“अय्या! बाजू तेवढ्याच, मग जागा गेली कुठे?” मागच्या बाकावरून कोनात्सु ओरडली. ही मुलगी एरवी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. मग हातांवर हात वर गेले आणि तास कधी संपला कळलं नाही.

नंतरच्या बैठकीत ज्याने जे पाहिलं ते सांगायचं असतं. पाहुण्यांनी रित्सुच्या चुकीचं तोंडभर कौतुक केलं. सरांची पाळी आली. त्यांनी रित्सुचं वाक्य टिपलेली वही मिटली.

“कोनात्सुला प्रश्न पडला. तो मी पाहिला,” एवढंच बोलून ते बसले.

हिगाकी बाई उठून सगळ्यांपुढे कमरेत वाकल्या. डोळे वाहत होते. “हा धडा माझा नाही, तुमचा सगळ्यांचा आहे. तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे.”

व्हरांड्यात सरांनी त्यांना गाठलं. “रित्सुला काही सांगून ठेवलं होतंत?”

“काय सांगणार, सर? त्या पोराचे उपकार कसे फेडू, हेच कळत नाहीये मला.”

सरांना वाटलं, माणसाने इतकं साळसूद असू नये. तालमीतले शब्द जसेच्या तसे त्या मुलाच्या तोंडी आले कुठून? उद्या मुख्याध्यापकांच्या कानावर घालावंच लागणार होतं. मग बाई राहिल्या काय अन् गेल्या काय.

खिडक्या लावायला म्हणून ते जड पायांनी पाचवीच्या वर्गाकडे निघाले. मुलं केव्हाच घरी गेली असणार. पण दाराच्या फटीतून आवाज आले. बाकं गोलात मांडली होती, अगदी शिक्षकांच्या बैठकीसारखी.

“जूनमध्ये आपण तोंड उघडलं नाही, तरी बाई आपल्याला काही बोलल्या नाहीत. उलट ‘दमलात ना?’ म्हणाल्या,” एक मुलगी सांगत होती. “आज बैठकीत रडल्या, पण हसत हसत. मी खिडकीतून बघितलं.”

“कोनात्सु, तुझं ते ‘जागा गेली कुठे’ एकदम झकास. कधी ठरवलंस?”

“ठरवलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं.”

मग भुवया ताणून, हाताची घडी घालून बसलेल्या एका पोराने घसा खाकरला.

“बरं. आता रित्सु. शब्द बरोबर होते तुझे. पण तू डावा कान खाजवलास. कुवाबारा सरांनी उजवा खाजवला होता.”