सल्ल्याने

या मंडळी, जवळ सरकून बसा. मागे राहिलात तर ऐकू येणार नाही, आणि ही गोष्ट सगळी ऐकू येण्याचीच आहे.

न्यायाधीशबाईंनी काळ्या झग्याचं बटण पुन्हा चुकीच्या काजात घातलं. दाराशी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. सरकारचा प्रवक्ता.

"ताई, तब्येत बिघडली म्हण. हात बघ तुझे, कुणालाही पटेल."

"हात थरथरू देत. निकाल वाचायचा डोळ्यांनी आहे."

भांडण एका शब्दाचं होतं. राज्यघटनेत लिहिलं होतं, 'आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रप्रमुख निवडणूक पुढे ढकलू शकतील.' आयोग म्हणाला, ढकलू नका. राष्ट्रप्रमुखांनी ढकलली. सरकार म्हणे, सल्ला घेतला होता ना? मग झालं तर!

"तुझं लग्न कसं ठरलं रे?" बाईंनी विचारलं.

"हे काय मधेच? आईच्या सल्ल्याने."

"म्हणजे?"

"म्हणजे आई म्हणाली तसं, दुसरं काय..." तो थबकला. मग कपाळ पुसत हळूच म्हणाला, "अर्थ तुझाच बरोबर आहे, ताई. पण अर्थ कुणी लावायचा ते तिकडे ठरलंय. दारावरचे पहारेकरी बदललेत, पाहिलंस? वाचलंस तर आज घरी येणार नाहीस."

"मग मांजराला दूध तू घाल," म्हणत त्या उठल्या.

दालन खचाखच भरलं होतं. निकाल भर न्यायालयात सर्वांना ऐकू गेला तरच तो निकाल, असा तिथला नियम. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि माइक बंद पडला. त्यांचा आवाज मुळात बारीक. "ऐकू येत नाही!" मागून कुणी ओरडलं. दारातला पहारेकरी गालात हसला.

पहिल्या रांगेत प्रवक्ता मान खाली घालून बसला होता. आई म्हणायची, याला एक हाक मारायला सांगावं तर अख्खी आळी ओ देते. तो उठला.

"वाच, ताई."

त्या वाचत गेल्या, आणि गाणाऱ्यामागे साथीदारानं ओळ उचलावी तसा तो एकेक वाक्य उचलत गेला. "सल्ल्याने म्हणजे, सल्ला देणारा सांगेल तसं! ज्यानं सल्ला ऐकायचा, त्याला त्याचा अर्थ फिरवता येणार नाही!" जिन्यावर ऐकू गेलं. खाली रस्त्यावर माणसं थांबली.

शेवटच्या वाक्याला पहारेकऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर पडला होता.

"मांजराचं काय रे?" बहिणीनं विचारलं.

"घालतील शेजारी," तो म्हणाला. त्याच खड्या आवाजात.

मंडळी, बहिणीचं नाव पुस्तकांत येईल. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या भावाला आठवा. तो कुठे आहे, कुणी सांगत नाही. आणि त्याची हाक अजून ऐकू आलेली नाही.