जिनहुआची मुलगी

"ए जिनहुआ, ही निळी ओढणी केवढ्याला?"

"माझं नाव सूयिन आहे!" ती फणकारली. एरहाई तळ्याकाठच्या त्या बाजारात पर्यटक दिसेल त्या विक्रेतीला 'जिनहुआ'च म्हणायचे. जिनहुआ म्हणजे सोनफूल म्हणे! सकाळपासून ऐकून ऐकून तिचं डोकं तापलं होतं.

वळून पाहते तर वाळत घातलेल्या कापडांमागे खेळणारी तिची चिमुकली शाओलान गायब! सूयिन वेड्यासारखी धावत सुटली. बाजारातला भोंगा ओरडतच होता, "जिनहुआ, तुमची मुलगी सापडली आहे. वेशीपाशी या."

"पोर हरवलं तरी हिला पत्ता नाही! असली कसली आई ही?" त्या जिनहुआवर करवादत सूयिन गल्ल्या धुंडाळत राहिली.

शेवटी वेशीपाशी पोचली, तर भोंग्याखाली शाओलान हुंदके देत उभी.



"आई, सगळे तुला हाक मारतात तेच नाव सांगितलं मी... तू आलीच नाहीस!"