पन्नास फुगड्यांची कळ

दिगंबररावांचा एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. विशीतल्या पोरासारखे आहेत."

"मी म्हणत नव्हते? सगळी नाटकं!" कुमुदताई नवऱ्यावर कडाडल्या. त्या मंगळागौरीच्या सरावाला गेल्या, की हे खुर्चीत विव्हळत बसायचे. "गुडघ्याची गादी खरी झिजली होती ती माझी. पण हा पट्टा बांधला आणि दुखणं पळालं. काल पन्नास फुगड्या घातल्या!"

डॉक्टरीणबाईंनी त्यांचाही एक्स-रे काढला. हाडावर हाड घासत होतं.

"काकू, पट्ट्याने झीज भरून येत नाही. दुखणं फक्त दुसऱ्याच्या गुडघ्यात जातं. पट्टा घेताना फॉर्मवर ज्याने सही केली, त्याच्या."

कुमुदताई नवऱ्याकडे वळल्या. तीन वर्षांपूर्वी तो फॉर्म यांनीच भरून सही केली होती.

त्यांनी पट्टा सोडला. कळ थेट मस्तकात गेली आणि त्या किंचाळल्या.

दिगंबरराव खुर्चीतून ताडकन उठले आणि धावत येऊन त्यांनी बायकोला सावरलं.

"अगं, बांध तो परत," ते म्हणाले. "शनिवारी स्पर्धा आहे ना तुझी?"