कुणी पाठवलं

जाळं लागलं होतं, सावज उठवणारे हाकेकरी दोन्ही अंगांनी रानात शिरले होते आणि गामीचं कुत्रं घंटेतला बोळा तसाच घेऊन झुडपात पळालं होतं.

आमची कुत्री भुंकत नाहीत. म्हणून शिकारीला नेताना त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. वाटेत ती वाजू नये म्हणून तिच्यात गवताचा बोळा कोंबतात आणि हाका सुरू होताना तो उपसून काढतात. गामीने बोळा काढायला हात पुढे केला, तसं कुत्रं अंग चोरून निसटलं. आता गवतात जे मुकाट हलेल त्याच्यावर भाला पडणार होता. घंटा वाजत नाही म्हणजे सावजच.

"कुणी पाठवलं!" गामी ओरडला. "अरे ए, कुणी पाठवलं!"

हे कुत्र्याचं नाव. शेजाऱ्याला तोंडावर बोलणं आमच्यात बरं दिसत नाही. मनातलं कुत्र्याच्या नावात घालायचं आणि रोज अंगणातून हाक मारायची. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं, कुत्र्याचं काय जातंय!

गामीचा शेजारी बगेयो जाळ्यांचा म्होरक्या. शिकारीत कोणी कुठे उभं राहायचं ते तोच ठरवी. गेल्या कोरड्या दिवसांत त्याने गामीच्या मुलाला, तुपोईला, ओढ्याकडची जागा दिली. तिथून कधी काही येत नसे. त्या दिवशी नेमकं तिथूनच रानडुक्कर फुटलं. मुलाला पुरल्यावर आठच दिवसांत गामीने हे पिल्लू आणलं आणि त्याचं बारसं केलं.

वर्षभर तो बगेयोच्या दाराकडे तोंड करून सकाळ-संध्याकाळ हाक मारत राहिला. बगेयोने उलट शब्द काढला नाही. कुत्रं मात्र भेदरट निघालं. नाव ऐकलं की शेपूट पोटाशी घेई. तरी गामीला तेवढंच उरलं होतं. सून माहेरी गेली ती परतली नव्हती, घरात दुसरा जिवंत आवाज नव्हता.

बगेयो वाकून पळत आला. "ओरडू नकोस. अलीकडच्यांना मी थांबवलंय. पलीकडच्यांना माझा आवाज पोचत नाही. बिथरून तिकडे गेलं तर मेलं म्हणून समज."

"माझ्या कुत्र्याला कसं बोलवायचं ते तू मला शिकवू नकोस."

"त्याला कधी बोलावलंयस तू?" बगेयो म्हणाला. "हाका तर मला मारतोस. मी घरात बसून ऐकतो आणि ते अंगणात थरथरतं. आज एकदा त्याला बोलाव. हळू बोलाव."

पलीकडे कुणीतरी गवत बडवत जवळ येत होतं. गामीने भाला खाली ठेवला आणि गुडघे टेकले. दहा-बारा पावलांवर, काटेरी बुंध्यामागे, कुत्र्याचे नुसते डोळे दिसत होते.

"कुणी पाठवलं," तो पुटपुटला.

त्या नावाने कुणाला टोचायचं नव्हतं अशी ही पहिलीच हाक. ती त्याच्या स्वतःच्याच कानांना परकी वाटली. त्याने पुन्हा हाक मारली, आणखी हळू. आता तो नुसता एक प्रश्न होता.

कुत्रं पोटावर सरपटत आलं. थांबलं, पुन्हा सरकलं. शेवटी त्याने ओलं नाक गामीच्या तळहातात खुपसलं. गामीने बोटांनी बोळा उपसला. घंटा खडखडली आणि पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं, "कुत्रं आहे, कुत्रं!"

बगेयो उठला आणि आपल्या जागेकडे निघाला.

"मी," गामी कुत्र्याला म्हणाला, पण बगेयोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "त्या दिवशी अंगात ताप होता पोराच्या. हा बगेयो त्याला शिकारीला धाडू नको म्हणत होता. मीच पाठवलं."