वाघबंदरचा पिराजी

"सर, आधी प्रसाद घ्या. पिराजीच्या समाधीवरचा आहे," पाहुण्यानं नारळाचा तुकडा पुढं केला.

हणमंतराव सरांनी तो हातात घेतला. एवढ्या लांबून, कोकणातल्या वाघबंदरहून एसटीनं निलंग्याला आलेला माणूस. दामाजी नाखवा त्याचं नाव. सरांचं वाघबंदर किल्ल्यावरचं पुस्तक त्यानं छातीशी धरलेलं.

"खा की हो, देवाचं हाय," उमादेवी चहा ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाल्या.

सरांनी तुकडा तोंडात टाकला.

आता खरं सांगायचं तर सरांनी समुद्र बघितलाच नव्हता. मांजरा धरण भरलं की दिसतं, तेवढंच काय ते पाणी. पण जुने कागद वाचून वाघबंदरचा इतिहास शिकवायचे झकास. गलबतं, तोफा, बंदराची जकात, सगळं चोख. पोरं मात्र जांभया द्यायची. एक दिवस एकानं विचारलं, "सर, त्यात आपल्याकडचं कुणीच न्हाई का?"

लई लागलं ते सरांना. कागदात एवढंच होतं की, हल्ला झाला, किल्लेदार पळाला, आणि कुणीतरी आतून दर्या दरवाजा लावून घेतला. सरांनी त्या कुणालातरी नाव दिलं. निलंग्याचा पिराजी! वर्गात काय टाळ्या पडल्या म्हणता! पुढं तो पुस्तकातही गेला.

"सर, पिराजीचं नाव कुठल्या कागदात मिळालं?" नाखव्यानं विचारलं.

"जुनी गोष्ट हाय. आठवत न्हाई."

"नक्कल तरी असेल?"

"वाळवी लागली."

सर शरमेनं अर्धे झाले. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि या भोळ्या भक्ताच्या तोंडावर ही थाप! त्यांना राहवलं नाही.

"माफ करा नाखवा. कागदात नाव नव्हतंच. आपल्या मुलखाचं नाव व्हावं म्हणून पिराजी मीच घुसडला. तुमची श्रद्धा मोडली मी. तोंड दाखवायला जागा न्हाई मला."

नाखव्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सरांनी मान खाली घातली.

"आत्ता बोललात तेवढंच लिहून द्या, सर," तो म्हणाला. "दरवाजा आमच्या घराण्यातल्या हरणाईनं लावला होता. तुमचं पुस्तक आलं, आणि गावानं समाधीवरचं तिचं नाव खरवडून पिराजी कोरला."